डीपी जळाल्यावर

गव्हाला शेवटची दोन पाणी द्यायची राहिली होती तेव्हा आमच्या शिवारातली डीपी जळाली. सरकारी कागदात तिला रोहित्र म्हणतात, शेतकऱ्याच्या तोंडी ती डीपीच. रात्री लाईट आली. विहिरीविहिरींवर लावलेल्या ऑटो स्टार्टरांनी सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू केल्या. डीपी घुमली, तेलाचा उग्र वास सुटला आणि शिवार गप्प झालं. सकाळी खांबाखाली माणसं जमली. कोणाची मोटार किती एचपीची, कोणी मंजुरीपेक्षा मोठी बसवली, तारेवर चोरीचा आकडा कोणाचा, सगळं बोलून झालं. मग एचपीमागे वर्गणी ठरली. ट्रॅक्टर कोणाचा न्यायचा ते ठरलं. कार्यालयात अर्ज दिला, तर शिल्लक डीपी नव्हती. अकराव्या दिवशी दुरुस्त केलेली एक डीपी आली, आम्हीच ट्रॅक्टरमधून आणलेली. तोवर हलक्या रानातल्या गव्हाचा दाणा ओंबीतच चिमला होता.

त्या अकरा दिवसांत आमचं गाव सरकारदफ्तरी पूर्ण विद्युतीकृतच होतं. त्या हंगामापासून खेड्यातल्या विजेबद्दल काहीही वाचलं, ऐकलं, की मी एकच गोष्ट शोधतो. तारा किती किलोमीटर ओढल्या, पॅनेल किती बसवली, हे नंतर. बिघडलं तेव्हा कोण आलं आणि कितव्या दिवशी आलं, हे आधी. गावाला वीज द्यायच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. लांबून आणलेली तार, गावच्या ओढ्यावरचं जनित्र, छपरावरचं पॅनेल, भाताच्या तुसावर चालणारं यंत्र, सहकारी संस्था, कंपनी. त्या सगळ्यांना मी या एका कसोटीवर घासून पाहिलं आहे.

*

आपल्या देशात एकेकाळी गाव ‘विद्युतीकृत’ ठरायला एक मोटार पुरत असे. १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती, की महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली, की ते गाव उजळलं. शिवेवरच्या एका विहिरीवर मोटार चालली, तर गावठाणातल्या दोनशे घरांत चिमणी जळत असली तरी चालत असे. ही व्याख्या लबाडीतून आलेली नव्हती. १९६५ ते ६७ या सलग दुष्काळांनी देश हादरला होता, परदेशी गव्हाच्या जहाजांवर चुली पेटत होत्या. १९६९ च्या जुलैत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं ते याच पार्श्वभूमीवर. वीज हवी होती ती विहिरीतलं पाणी उपसायला. घरातला दिवा हा त्या तारेचा जोडलाभ होता. महाराष्ट्रातल्या खेड्यांची वीज आजही या जन्मखुणेसह जगते. घरापेक्षा मोटारीचा भार मोठा, आणि मोटारीचं राजकारण त्याहून मोठं.

१९९७ नंतर वीज वस्तीत पोचायला हवी असं ठरलं. २००४ मध्ये आणखी अटी आल्या. शाळा, पंचायत, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज हवी, दलित वस्तीत हवी आणि किमान दहा टक्के घरांत हवी. शंभरातली दहा घरं उजळली की गाव उजळलं. २०१५ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी उरलेली १८,४५२ गावं हजार दिवसांत जोडायची घोषणा केली आणि २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधलं लेइसांग हे त्या यादीतलं शेवटचं गाव जोडलं गेलं. पाठोपाठ ‘सौभाग्य’ योजनेत अडीच कोटींहून अधिक घरांना जोडण्या मिळाल्या. हे काम फार मोठं आहे. ज्या घरात पोरांनी चिमणीच्या धुरात डोळे चोळत अभ्यास केला, त्या घराला या आकड्याची किंमत विचारावी.

२०१८ च्याच फेब्रुवारीत घारापुरीला वीज आली. गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने तासाभरात जाता येतं ते हे बेट, जगभरचे लोक लेणी पाहायला येतात ते. राजबंदर, मोरबंदर, शेतबंदर या तीन वाड्यांतली माणसं समोर मुंबईचा लखलखाट पाहत संध्याकाळचे तीनेक तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरवर दिवस काढत होती. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकली गेली तेव्हा स्वातंत्र्याला सत्तर वर्षं उलटून गेली होती. इतकं जवळचं गाव इतका काळ अंधारात राहिलं, कारण तीन वाड्यांसाठी समुद्राखालून तार ओढणं हिशोबात बसत नव्हतं. दुर्गम खेड्याची गोष्ट सगळीकडे हीच असते. तिथे अडसर समुद्र नसतो, डोंगर असतो.

आणि वीज निघते कुठून? खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झालं. पुढे मुळशीचं धरण आलं. मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात बुडणार म्हणून १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालंच. भाताची खाचरं खेड्याची आणि वीज शहराची, ही वाटणी शंभर वर्षांपूर्वी पडली. पुढच्या प्रत्येक धरणाच्या वेळी ती पुन्हा नजरेस आली.

*

गावाने स्वतःची वीज स्वतः सांभाळायची, हा विचार महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या प्रमाणावर करून पाहिला तो नगर जिल्ह्याने. अमेरिकेत १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाचं सरकारी खातं निघालं आणि खाजगी कंपन्यांना परवडत नाहीत अशा शेतवस्त्यांवर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी तारा नेल्या. ती कल्पना अमेरिकी मदतीबरोबर भारतात आली. साठच्या दशकाच्या अखेरीस पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था काढायचं ठरलं: गुजरातेत कोडिनार, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा.

जागेची निवड उगाच झाली नव्हती. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करून दाखवला होता. सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा हे शब्द तिथल्या बांधावर रुळलेले होते. ऊस होता, विहिरी होत्या, मोटारी घ्यायची ऐपत होती. मुळा-प्रवरेने श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या पावणेदोनशेहून अधिक गावांना वीज वाटली. चाळीस वर्षं. वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना विकायची, असा तो व्यवहार.

या रचनेची मोठी जमेची बाजू म्हणजे वायरमन आसपासचा. त्याला कोणाच्या रानातून लाईन जाते, कुठला खांब कलला आहे, कोणत्या ओढ्यात पावसाळ्यात चिखल होतो, हे पाठ असतं. पण जे विकायचं त्याच्या किमतीवर संस्थेचा ताबा नव्हता. घाऊक दर वरून ठरायचा. विक्री मुख्यतः शेतीपंपांना, आणि शेतीपंपाचा दर राजकारण ठरवायचं. वीज मंडळ शेतीतला तोटा कारखान्यांच्या आणि दुकानांच्या चढ्या दरातून भरून काढत असे. मुळा-प्रवरेच्या क्षेत्रात तसे गिऱ्हाईक किती असणार? त्यात मीटर नसलेल्या जोडण्या, आकडे आणि वसुलीचा संकोच. सभासदाची वीज तोडायची तर तोडणाराही सभासदांच्याच मतांवर निवडून आलेला. थकबाकी साचत गेली आणि २०११ च्या सुरुवातीला परवान्याची मुदत संपल्यावर ही गावं सरकारी महावितरण कंपनीकडे गेली.

सहकार फसला, असा निकाल यावरून काढायची घाई अनेकांना झाली. मला तो पटत नाही. सिरसिल्ला आणि हुक्केरीच्या संस्था आजही वीज वाटतात. बांगलादेशाने १९७७ साली हीच अमेरिकी कल्पना घेऊन ग्रामीण विद्युतीकरण मंडळ स्थापन केलं आणि त्याखाली ऐंशीच्या आसपास ‘पल्ली विद्युत समित्या’ काढल्या. त्या देशाची बहुसंख्य खेडी आज त्यांच्याच तारांवर आहेत. मुळा-प्रवरेला हिशोबाने मारलं. मोजमापाशिवाय माल विकणारी कुठलीही संस्था, सहकारी असो की सरकारी, फार काळ टिकत नाही. फरक एवढाच, की सरकारी संस्थेचा तोटा राज्य पोटात घेतं.

*

आता सातपुड्यात जाऊ. नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी तालुका, म्हणजे धडगाव. शहाद्याकडून घाट चढून गेलं की डोंगराच्या सोंडांवर एकेक घर सुटं सुटं दिसतं. पावरा आणि भिल्लांची वस्ती अशीच असते, पाड्यापाड्यांनी विखुरलेली. तार ओढणाऱ्या यंत्रणेला ही वसाहत कधीच परवडत नाही. एका खांबामागे एक घर मिळायचं.

याच तालुक्यात नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीवर बिलगाव आहे. तिथे नदी नऊ मीटर खाली उडी घेते. केरळमधल्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या अनिलकुमार आणि मधु या अभियंत्यांनी ती उडी पाहिली. त्याआधी डोमखेडीला, नर्मदेच्या काठावर, त्यांनी याहून बरंच लहान जनित्र लावून दाखवलं होतं आणि ते सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात गेलं होतं. बिलगावला मोठं काम करायचं ठरलं. नर्मदा बचाओ आंदोलन सोबत होतं. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांच्या ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या संस्थेने पैसा आणि माणसं दिली.

यंत्र साधं होतं, म्हणून सांगतो. नदीत बुटका बांध घालायचा. अडलेलं पाणी पाटाने कड्याच्या टोकाशी आणून टाकीत सोडायचं. टाकीतून जाड पाइपाने ते खाली टर्बाइनवर सोडायचं, टर्बाइनला जनित्र जोडायचं आणि पाणी पुन्हा नदीत. काही अडवून ठेवायचं नाही, काही बुडवायचं नाही. सेकंदाला शंभर लिटर पाणी नऊ मीटर खाली पडलं, तर त्यात पावणेनऊ किलोवॅटच्या आसपास जोर असतो. त्यातला निम्मा ते पाऊण आपल्या हाती लागतो. बिलगावचं जनित्र पंधरा किलोवॅटचं होतं. आमच्या शिवारात पाच एचपीच्या चार मोटारी जेवढं काम करतात, तेवढंच. पण दिव्यांच्या हिशोबात पंधरा किलोवॅट म्हणजे दीडशेहून अधिक घरं आणि शाळा.

बांधाचे दगड गावाने वाहिले. पाट गावाने खोदला, खांब गावाने उभे केले. जवळपास दोन हजार मनुष्यदिवसांचं श्रमदान झालं. सातपुड्यात एकमेकांच्या कामाला जाण्याची रीत आहे. घर शाकारायचं तर सगळा पाडा येतो. जनित्राचं कामही तसंच झालं. २००३ च्या जानेवारीत दिवे लागले. गावातल्याच पोरांनी यंत्र चालवायला शिकून घेतलं. कचरा अडकला, पट्टा सुटला, तार तुटली तर हाक मारायला माणूस पाड्यावरच होता. माझ्या कसोटीवर बिलगाव इतकं खरं उतरलेलं दुसरं गाव मला माहीत नाही.

पुढच्याच वर्षी आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ आला. त्यातलं नदीच्या पाण्यावर दिवा लावण्याचं कथानक बिलगावच्या आणि त्या अमेरिकेतल्या संस्थेच्या कामाशी जोडलं जातं. चित्रपटातलं गाव उत्तर भारतातलं, चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीचं. पडद्यावरच्या म्हातारीच्या चेहऱ्यावर बल्बचा उजेड पडला तेव्हा थिएटरात अनेकांचे डोळे भरून आले. त्यांतल्या फार थोड्यांना सातपुड्यातलं ते गाव ठाऊक होतं.

आणि त्याहून कमी लोकांना पुढचं ठाऊक आहे. २००६ च्या मार्चमध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत वाढवायला परवानगी मिळाली. त्या पावसाळ्यात पाणी चढलं आणि बिलगावचा बांध, पाट, यंत्रघर सगळं पुरात गेलं. साडेतीन पावसाळेच ते जनित्र जगलं. सरदार सरोवराची वीजनिर्मिती क्षमता १,४५० मेगावॅट आहे आणि त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं त्या धरणाने बाधित झाली.

पंधरा किलोवॅटची तुलना शेकडो मेगावॅटशी करू नये, असं मला सांगितलं जातं. मी ती आकड्यांसाठी करतच नाही. गावाने हाताने उभी केलेली, चालवलेली, दुरुस्त केलेली एक व्यवस्था सार्वजनिक मालमत्ता म्हणून कुणाच्याही नोंदवहीत चढली होती का, एवढंच विचारतो. बिलगावचे दिवे लागले त्याच २००३ साली संसदेने नवा वीज कायदा केला. अधिसूचित ग्रामीण भागात परवाना न घेता वीज तयार करून वाटायची मुभा त्या कायद्याने दिली. एकीकडे कायदा बिलगावसारख्या गावांना वाट करून देत होता, आणि दुसरीकडे खुद्द बिलगाव बुडत होतं. या गोष्टीचा राग मला आजही येतो.

*

बिलगाव बुडालं नसतं तर टिकलं असतं का? प्रामाणिकपणे विचारायला हवा असा हा प्रश्न आहे, कारण गावच्या विजेला दुसरा एक धोका असतो. तो म्हणजे मोठी तार येणं.

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईत २०१४ च्या जुलैत ‘ग्रीनपीस’ने शंभर किलोवॅटचं सौर केंद्र सुरू केलं. साडेचारशे घरं, रस्त्यावरचे दिवे, काही पंप. देशभर बातम्या झाल्या. माजी मुख्यमंत्री गावात आले तर लोकांनी त्यांच्याकडे ‘असली बिजली’ मागितली. सौर विजेवर फ्रिज, इस्त्री, मोठा पंप चालत नव्हता आणि दरही तारेवरच्या विजेपेक्षा जास्त पडत होता. थोड्याच दिवसांत तार आली. बॅटऱ्या दमल्या, बदलल्या गेल्या नाहीत आणि काही वर्षांत त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधली जाऊ लागली. गावाला दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. शहरात आपण जी वीज वापरतो तीच गावाने मागितली. त्यांच्या वाट्याला मोजून दिवे आणि एक पंखा का यावा?

बांगलादेशात २००३ पासून हप्त्यांवर घरगुती सौर संच द्यायची योजना चालली. चाळीस लाखांहून अधिक घरांनी ते घेतले. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे कुठेच झालं नव्हतं. त्यामागचं गमक पॅनेलमध्ये नव्हतं. हप्ता घ्यायला येणारा माणूसच बॅटरीतलं पाणी बघायचा, वायर आवळायचा. वसुली आणि देखभाल एकाच सायकलवर आली. पुढे पल्ली विद्युतची तार घरोघर पोचली आणि नव्या संचांची मागणी आटली. हे अपयश नव्हे. तार येईपर्यंतची पंधरा वर्षं लाखो घरांत दिवा होता.

नेपाळने बिलगावसारखी हजारो छोटी जलविद्युत केंद्रं डोंगराळ भागात उभी केली. तिथेही तार आली की केंद्रं बंद पडू लागली. मग त्यांनी एक शहाणपणाचं पाऊल उचललं. नुवाकोट जिल्ह्यातलं स्यौरेभूमीचं २३ किलोवॅटचं केंद्र २०१८ साली राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडलं. गावाला लागेल तेव्हा तारेची वीज आणि गावचं पाणी वाहत असेल तेव्हा तारेत वीज घालून गावाला उत्पन्न. लहान आणि मोठं यांपैकी एकच निवडायची गरज नाही, हे त्या एका जोडणीने दाखवून दिलं. आपल्या सह्याद्रीत आणि सातपुड्यात पावसाळाभर पाण्याच्या किती उड्या वाया जातात याची मोजदाद एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने तरी करावी.

*

पुन्हा मोटारीकडे येतो, कारण महाराष्ट्राच्या खेड्यातल्या विजेचा गुंता तिथेच सुटायचा आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपाला एचपीवर ठोक आकारणी आली. मीटर वाचायला माणूस पाठवण्यापेक्षा हे स्वस्त वाटलं. पण मीटर गेला आणि शेतकरी किती युनिट वापरतो हे कोणालाच कळेनासं झालं. कंपनीची गळती आणि चोरी शेतीच्या नावावर खपवता येऊ लागली. ‘आमच्या नावावर इतकी वीज दाखवता, ती आली कधी?’ हा शेतकऱ्याचा सवाल तेव्हापासूनचा आहे आणि तो रास्त आहे. २००४ च्या निवडणुकीआधी वीज मोफत झाली, नंतर तो निर्णय मागे घेतला गेला. २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज जाहीर झाली. तिचा लाभ सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना आहे. मोफत विजेवर मी रागावणार नाही. शेतमालाचे भाव ज्या तऱ्हेने पाडले जातात ते पाहता शेतकऱ्याला कुठून तरी श्वास मिळायला हवा. पण फुकट मिळणारी वीज मागून घेता येत नाही. बिल भरणारा माणूस डीपीसाठी भांडतो, फुकटवाल्याला थांबायला सांगतात.

आणि थांबावं लागतं रात्रीचं. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, पाळीपाळीने, असं शेती वाहिनीचं वेळापत्रक वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबरात मध्यरात्री दोनला लाईट येते. माणूस घोंगडी पांघरून, बॅटरी घेऊन निघतो. वाफ्याचं दारं फोडायचं, दुसऱ्याचं लावायचं. पायाखाली काय आहे दिसत नाही. जुन्नर-शिरूर पट्ट्यात उसात बिबट्या असतो, इतरत्र घोणस असते. लोक मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून चालतात, जनावराला चाहूल लागावी म्हणून. गावात कोणी सर्पदंशाने गेलं की वेळ विचारून पाहा, बहुतेकदा ती पाणी भरायची असते.

डीपी जळते तीही याच वेळापत्रकापायी. लाईट कधी येईल भरवसा नाही म्हणून ऑटो लावला जातो. शंभर केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या वीसएक मोटारी नीट चालतात. असतात तीस, आणि सुरू होताना मोटार कैकपट करंट ओढते. व्होल्टेज पडतं, म्हणून जो तो मोठी मोटार बसवतो, म्हणून व्होल्टेज आणखी पडतं. सिंगल फेज असताना कंडेन्सर टाकून मोटार ओढणारेही असतात. शेतकऱ्याला हे कळत नाही असं नाही. आपण एकट्याने ऑटो काढला, तर बाकीच्यांची रानं भिजतील आणि आपलं कोरडं राहील, एवढंच त्याला पक्कं ठाऊक असतं. विश्वास नसला की यंत्रं जळतात.

विश्वास बसला की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. भारनियमनाच्या काळात, २००५ च्या सुमाराला, ‘अक्षय प्रकाश योजना’ आली. गावाने ठराव करायचा: संध्याकाळच्या ठरलेल्या तासांत मोटारी, शेगड्या, गिरण्या बंद, आकडे बंद, फक्त दिवे, पंखे, टीव्ही. बदल्यात त्या वेळी गावची लाईट जाणार नाही. अनेक गावांनी हे करून दाखवलं. तरुण पोरं रात्री फेरी मारून आकडे काढत. पुढे गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी झाली आणि ती योजना विस्मरणात गेली. मला तिचं मोल फार वाटतं. त्यात एकही नवं यंत्र नव्हतं.

२०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने या कल्पनेचा आधीपासून पाठपुरावा केला होता. राळेगणसिद्धीचा दोन मेगावॅटचा प्रकल्प सुरुवातीच्यांपैकी. विचार सरळ आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज त्याच शेती वाहिनीत सोडायची. ऊन दिवसा, पाणीही दिवसा. बॅटरी नको, लांबून वीज आणण्यातली गळती नाही, आणि युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास. २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात हे काम हजारो मेगावॅटच्या मापाने चाललं आहे. आजवर पाहिलेल्या सगळ्या तऱ्हांमध्ये आपल्या राज्याला सर्वांत जुळणारी ही आहे, असं माझं मत आहे. शेतकऱ्याच्या शेतात काही बसवायचं नाही, चोरीला काही जायचं नाही, आणि रात्री त्याने झोपायचं.

काळजीच्या जागाही आहेत. प्रकल्पांना गायरानं दिली जातात. मेगावॅटला चार-पाच एकर लागते. सरकारच्या नकाशात ती पडीक जमीन, पण तिथे मेंढरं चरतात, भूमिहीन बाई सरपण वेचते. खाजगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं, मेंढपाळाला काही नाही. ग्रामसभेत हा हिशोब आधी मांडायला हवा. दुसरं, ज्यांना तारच नाही त्यांच्यासाठी स्वतंत्र सौर पंप आहे, सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के भरून. दुर्गम रानाला तो वरदान आहे. पण कंट्रोलर बिघडला की कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक थांबत नाही. पाच वर्षांची हमी कागदावर असते. तालुक्याच्या गावात त्या कंट्रोलरचं सुटं कार्ड मिळतं का, हे पंप घेताना विचारा. तिसरं, ऊन फुकट आणि मोटारही फुकट झाली, की विहीर तळ गाठते. पाण्याचा ताळेबंद ठेवणाऱ्या गावांनीच याला काही उत्तर शोधलं आहे.

*

‘प्रयास’नेच आणखी एक साधं काम केलं. देशभर शेकडो ठिकाणी, घरांत आणि दुकानांत, त्यांनी एक छोटं यंत्र लावलं. ते दर मिनिटाला व्होल्टेज नोंदवायचं. लाईट किती वेळ होती, किती वेळ नव्हती, किती वेळ नावापुरती होती, हे त्यातून उघड झालं. सरकारी आकडा आणि सॉकेटमधला आकडा यांत किती अंतर असतं ते त्या नोंदींनी दाखवलं.

असं यंत्र प्रत्येक गावाला मिळणार नाही. पण वही मिळते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या कृतिमानकांनुसार ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदललं पाहिजे. नाही बदललं तर ग्राहकाला भरपाई मागता येते, तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं. आमच्या गावात त्या वर्षी हे एकालाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

आता आमच्या डीपीच्या खांबाशेजारच्या वस्तीवर एक दोनशेपानी वही टांगलेली असते. लाईट कधी आली, कधी गेली, डीपी कधी जळाली, अर्ज कोणत्या तारखेला दिला, त्याची पोच मिळाली का, वायरमन कधी आला. ज्याला सवड असेल तो लिहितो, बहुतेक दिवस एक शाळकरी मुलगी लिहिते. मागच्या रब्बीत डीपी पुन्हा जळाली तेव्हा अर्जासोबत त्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. चौथ्या दिवशी नवी डीपी आली. ४८ तास अजून झालेले नाहीत, पण अकरा दिवसही राहिलेले नाहीत.

तुमच्या शिवारातली डीपी मागच्या वेळी कोणत्या तारखेला जळाली आणि कोणत्या तारखेला बदलली, हे या दिवाळीत गावी गेलात तर विचारा. कोणाला आठवत नसेल, तर एक वही घेऊन द्या.